विद्यापीठातला वड
सकाळी विद्यापीठातल्या वडाखाली मान मोडेस्तोवर उभा होतो. फळं लालबुंद पिकलीत, वर पक्ष्यांची नुसती जत्रा! हरियल आपला राज्यपक्षी खरा, पण पानांत असा बेमालूम मिसळतो की अर्धवट खाल्लेली फळं टपटप पडायला लागली तेव्हाच पत्ता लागला. पिवळे पाय मात्र फोटोत झकास आलेत.

खरी मजा आणली राखी धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्यानं. जीभ आखूड, म्हणून फळ चोचीच्या टोकात धरायचं, मागं उडवायचं आणि थेट घशात! कॅमेऱ्याच्या १/२००० सेकंद शटरला ते हवेतलं फळ एकदाचं गोठलं. झूम केलं तर चोचीच्या कडेला लाल गरसुद्धा दिसतोय.

फिरायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "काय, बिबट्या आहे का वर?" धनेश म्हटल्यावर थांबले बिचारे. टोपीवर शिंतोडा पडला, मग निघाले.