खुंटीची बाकं

स्मरणिकेत शिक्षकांविषयी पुष्कळजण लिहितील. मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांनी आपल्या शाळेत एक तासही घेतला नाही. चौथीनंतर ते स्वतःच शाळेत गेले नव्हते. पण आपण सगळे त्यांच्या हातच्या बाकांवर बसलो. आमचे आप्पा, गावचे सुतार. हेडसर त्यांना मिस्त्री म्हणायचे आणि वर्गातली पोरं मला ‘बाकवाली’.

आमचं घर बलुत्यावर चालायचं. वर्षभर शेतकऱ्यांचे नांगर, कुळव, पाभरी नीट करून द्यायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं. १९७२च्या दुष्काळात ते सगळं कोलमडलं. चारा नाही म्हणून लोकांनी बैल विकले. बैलच नाहीत तर औत कशाला, आणि पीकच नाही तर बलुतं कुठलं? आई-आप्पा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. मी तेव्हा कडेवरची. आई सांगायची, तिथेही जेवणाच्या सुट्टीत आप्पा कुणाच्या तरी कुदळीला दांडा बसवत असायचे. सुकडी मिळायची ती आधी पोरांना. पुढे पाऊस झाला, पण हळूहळू ट्रॅक्टरही आले आणि लाकडी औतं मागे पडली. शाळेच्या बाकांचं काम मिळालं नसतं तर आम्हीही मुंबईची वाट धरली असती.

बाकं बाभळीची. तोडलेली खोडं आप्पा आधी ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचे, म्हणजे पुढे भुंगा लागत नाही. बाहेर काढली की त्या लाकडाला असा वास यायचा की आई जेवायला वाढताना नाकाला पदर लावायची. मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवण. हेडसर घाई करायचे, आप्पा हसायचे आणि लाकूड काही हलवायचे नाहीत. सांधे सगळे कूस आणि भोकाचे, म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या भोकात, वर लाकडी खुंटी. खिळा एकही नाही. हेडसरांनी विचारलं, “मिस्त्री, खिळ्यानं काम लवकर नाही का होणार?” आप्पा म्हणाले, “व्हईल की. पर खिळा वर आला म्हंजे पोराची चड्डी फाटंल. अन्‌ घरी दुसरी आसंलच असं न्हाई.”

गळ्यात तुळशीची माळ, रोज संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला उपास. पण पंढरीची पायी वारी त्यांनी कधी पुरी केली नाही. मृग लागला की पेरणीची घाई, आणि त्याच दिवसांत माउलींची पालखी निघते. अडलेल्या शेतकऱ्याला पाभर नाही दिली तर त्याचं वर्ष जातं. दिंडीतले ओळखीचे वारकरी चिडवायचे, “मिस्त्री, औंदा तरी चला!” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, “सावता महाराज कुठं गेलं हुतं? देवच त्येंच्या गावाला, अरणला आला न्हवं?”

तरी एक सोय होती. अमावास्येला आमच्याकडे हत्यार उचलत नाहीत, आणि पालखी नीरेचं स्नान उरकून लोणंदला येते ती साधारण त्याच सुमारास. तेवढी आप्पांची वारी. लोणंदहून चांदोबाच्या लिंबापर्यंत चालत जायचं, उभं रिंगण पाहायचं, धावलेल्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायची आणि रात्री परत. सकाळी दारात पाभरी वाट बघत असायच्या.

त्या दिवसांत शाळेचे वर्ग दिंड्यांना मुक्कामाला द्यायचे, आठवतं ना? आपल्याला सुट्टी, म्हणून आपण खूश. बाकं मात्र पटांगणात एकावर एक रचलेली, वर पाऊस. पालखी पुढे गेली की आप्पा पटाशी आणि हातोडा घेऊन यायचे, प्रत्येक बाक हलवून बघायचे, सैल सांध्यात पाचर मारायचे. याचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. आई कुरकुरायची, आणि मला अजूनही वाटतं तिचं बरोबर होतं. घरात आम्ही चार भावंडं, आणि रॉकेलसुद्धा मोजून आणावं लागायचं.

ते काही फार गोड माणूस नव्हते. पटाशीला कुणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायचे. मुलीला दहावीपर्यंत कशाला शिकवता, असं भावकीतले म्हणाले तेव्हाही असेच चिडले होते. मी पुढे डी.एड. केलं, माझ्या दोन्ही बहिणीही शिकल्या. धाकटा भाऊ फलटणला फर्निचरचं दुकान चालवतो, प्लायवूड, सनमायका. आप्पा तिथे जाऊन बसायचे आणि फेव्हिकॉलच्या डब्याकडे संशयाने बघायचे.

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शाळेत लोखंडी पायांची बाकं आली तेही चांगलंच, हलकी असतात. प्रयोगशाळेत मात्र आप्पांची काही बाकं अजून आहेत, मागच्या भेटीत पाहिली. शिपाईमामांना एवढंच सांगायचं आहे की, त्यातलं एखादं डुगडुगायला लागलं तर वरून खिळा मारू नका. खुंटी आडवी ठोका, घट्ट बसेल.