तंबोरा उतरलाय का रे?

मिरजेला आत्याच्या माजघरात दोरीवर चार गोधड्या टांगून मी तिचे सहा अभंग आणि थोड्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. गोधड्यांनी खोली अशी गिळून टाकली की आवाज अगदी कोरडा, कानाशी बसून गायल्यासारखा आला. मला तसाच हवा होता. खोलीचा घुमारा एकदा रेकॉर्डिंगमध्ये बसला की पूर्णपणे काढता येत नाही, नंतर घालता मात्र येतो. तो घालायचं प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, निवडण्यात पुढचा दीड महिना गेला, आणि त्यातले पहिले तीन आठवडे तर फुकटच गेले.

मी वापरतो त्या रीपर या सॉफ्टवेअरमध्ये दोन रिव्हर्ब, म्हणजे घुमाऱ्याचे प्लगइन, आयतेच मिळतात. त्यांच्याकडे ढुंकून न बघता मी ड्रॅगनफ्लाय उतरवलं, ओरिलरिव्हर उतरवलं, वर पैसे देऊन घ्यायच्या चारपाच प्लगइनचे डेमो. रोज रात्री आत्याचा एकटा आवाज लावायचा आणि प्रीसेट, म्हणजे आयत्या जुळण्या, पालटत बसायचं. एकट्या आवाजावर कुठलाही हॉल गोड लागतो. त्यातही जो प्रीसेट जरा मोठ्याने वाजे तोच मला आवडत होता, हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं. मग रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर टाकून तिथे फक्त ओला आवाज, म्हणजे नुसता घुमारा ठेवला, आत्याच्या आवाजाची प्रत सेंडने तिकडे पाठवली आणि सगळ्यांची पातळी मीटर बघून सारखी केली. एवढं केल्यावर निम्मे प्लगइन एकमेकांसारखे वाटायला लागले. उरलेल्यांत एक महागडं होतं, त्याची शेपटी, म्हणजे आवाज थांबल्यावर मागे रेंगाळणारा घुमारा, रेशमासारखी लांबत जायची. ते घ्यायचं असं मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

दिवाळीनंतर आत्या पुण्याला आमच्याकडे आली. मी तिला मोठ्या कौतुकाने पहिला अभंग ऐकवला. तिने अर्धा ऐकला आणि विचारलं, "तंबोरा उतरलाय का रे?"

म्हणजे सुरातून खाली सरकलाय का. अभंगामागे वाजणारा तंबोरा तिचाच, मिरजेत बनलेला, तिनेच जुळवलेला. मी रिव्हर्ब बंद करून लावलं. "आता बरा आहे," म्हणाली. पुन्हा चालू केलं. "आता उतरला." मी तिच्या पाठीमागे बसून, तिला पडदा न दिसेल असं पाच वेळा केलं. पाचही वेळा तिने बरोबर ओळखलं. मला काडीचा फरक कळत नव्हता.

दोन रात्री शोधल्यावर कारण सापडलं: मॉड्युलेशन. डिजिटल रिव्हर्बमध्ये आवाजाचे उशीर पुन्हा पुन्हा फिरवून घुमारा तयार करतात. उशीर मोजकेच असल्यामुळे शेपटीत धातूसारखा ठणठणाट येतो. तो लपवायला ते उशीर किंचित पुढेमागे हलवत ठेवतात, 1970 च्या दशकाच्या शेवटी आलेल्या लेक्सिकन 224 सारख्या यंत्रांपासून ही युक्ती चालत आली आहे. उशीर हलला की सूरही हलतो. गिटारवर, सिंथवर ते सुंदरच वाटतं. पण आत्याचा षड्ज पांढरी पाच, म्हणजे 196 हर्ट्झ. शेपटीत तो क्षणभर जरी 197 झाला तरी खाली स्थिर वाजणाऱ्या तंबोऱ्याशी सेकंदाला एक हेलकावा तयार होतो. ज्या बाईने पन्नास वर्षं खुंट्या पिळत तोच हेलकावा घालवला आहे, तिला तो ऐकू येणार नाही तर कुणाला येणार? मला आवडलेलं ते रेशीम म्हणजे हाच हेलकावा होता. मॉड्युलेशन शून्यावर आणलं तर त्याच प्लगइनमधून पत्रा वाजायला लागला.

मग वाटलं, कन्व्होल्युशनच वापरावं. त्यात एका क्षणिक, मोठ्या आवाजाला एखाद्या जागेने दिलेला प्रतिसाद रेकॉर्ड केलेला असतो. फोटोसारखा, तो हलत नाही आणि सूरही हलवत नाही. रीपरच्या रीआव्हर्बमध्ये कुठलीही वेव्ह फाइल त्यासाठी टाकता येते. एकीकडे तयार फाइली उतरवत होतो, तेवढ्यात डोक्यात आलं की आपल्या इमारतीचा जिना काय वाईट आहे? पहाटे साडेपाचला, दूधवाला यायच्या आधी, तिसऱ्या मजल्यावर रेकॉर्डर ठेवला आणि पहिल्या मजल्यावर जाऊन फुगा फोडला. आवाज अप्रतिम आला. समोरच्या काकाही आले, बनियनवर, हातात काठी घेऊन. दुसरा फुगा तसाच राहिला.

रेकॉर्डिंग स्वच्छ होतं, पण जिन्याचा स्वतःचा एक सूर निघाला. अरुंद, उंच, समोरासमोर सिमेंटच्या भिंती, त्यामुळे काही ठरावीक सुरांवर तो गुरगुरायचा. आत्या म्हणाली, "विहिरीत बसून गातेय का मी?" तंबोरा मात्र उतरला नाही, हे तिने कबूल केलं.

आता काय शोधायचं ते तरी कळलं होतं. शेपटी लहान हवी, कारण मागची पोकळी तंबोरा भरतोच आहे. मॉड्युलेशन खाली आणता आलं पाहिजे. आणि टाळ! टाळ चकचकीत रिव्हर्बमध्ये गेला की सगळीकडे वाळूच वाळू. व्हॅलहाला व्हिन्टेजव्हर्ब या विकतच्या प्लगइनमध्ये 1970s नावाचा रंग आहे, तो 10 किलोहर्ट्झच्या वरचं कापूनच टाकतो. त्यात टाळ मऊ झाला. त्यातला प्लेट नावाचा घुमाऱ्याचा प्रकार घेतला, शेपटी 1.6 सेकंद, मॉड्युलेशन जवळजवळ बंद. शेपटी एवढी आखूड असली की पत्रा वाजायला वेळच मिळत नाही. प्री-डिले 40 मिलिसेकंद, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि घुमारा मागून येतो. एवढ्या वेळात आवाज साधारण 14 मीटर जातो, हे नंतर मोजलं. आधी कानानेच लावलं होतं. (खरी प्लेट म्हणजे 1957 सालच्या ईएमटी 140 मधला पेटीत ताणून टांगलेला पोलादी पत्रा, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. काकांनी त्याला काय केलं असतं कोण जाणे.) तबला या रिव्हर्बमध्ये पाठवलाच नाही, बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा, लगेच गढूळ होतो.

आत्याला पूर्ण अभंग ऐकवला. ती काही बोलली नाही, हाताने ताल धरून बसली. व्हिन्टेजव्हर्बचे 50 डॉलर त्याच रात्री भरले.

ओव्यांना तीच प्लेट लावली तर तिने पहिल्याच ओळीला थांबवलं. "जात्यावर बाई घरात बसते, देवळात नाही." बरोबरच होतं. शेवटी ओव्यांना ड्रॅगनफ्लायचं फुकटचं अर्ली रिफ्लेक्शन्स लावलं: शेपटी नाही, नुसते भिंतींवरून येणारे पहिले पडसाद, लहान खोलीचे, तेही जेमतेम ऐकू येतील एवढेच.

"हं, आता माझं माजघर वाटतंय," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "मग गोधड्या कशाला रे टांगल्या होत्यास?"