३४० किलोमीटर, ५० युनिटं

बॅटरीच्या गाडीने परवा पहिल्यांदा लांबचा पल्ला मारला. ३४० किलोमीटर महामार्ग, मध्ये एक घाट, आम्ही चौघं आणि गच्च भरलेली डिकी. बॅटरी ४० युनिटांची, त्यामुळे वाटेत एकदा थांबायचं हे निघतानाच ठरलं होतं.

रस्ता मोकळा दिसला आणि मी ११० वर गेलो. तासाभरात बॅटरीचे टक्के भराभर उतरायला लागले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ला असतो त्याच्या जवळजवळ दीडपट ११० ला. शाळेत पाठ केलेलं हे सूत्र त्या दिवशी गाडीच्या पडद्यावर दिसलं. पुढे ८५-९० च्या वर गेलो नाही.

घाटाच्या पायथ्याशी ४२ टक्के होते. ६०० मीटरचा चढ, माथ्यावर पोचलो तेव्हा ३०. बायको नुसती पडद्याकडे बघत होती. उतारावर मात्र ब्रेकला पाय लावावा लागला नाही; मोटर जनरेटरसारखी वीज बनवून बॅटरी भरत होती आणि खाली आलो तेव्हा ३३! एक लक्षात ठेवा, डोंगरावर मुक्काम असेल तर खाली उतरण्याआधी बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज जायला जागाच नसते, मग साधे ब्रेक तापतात.

खाली ठरवलेला चार्जर अ‍ॅपवर हिरवा, प्रत्यक्षात बंद. पुढचा ३५ किलोमीटरवर. तिथे २१ टक्क्यांवर पोचलो. म्हणून कधीही एकाच चार्जरच्या भरवशावर निघू नका, त्याच्या पुढचाही हाताशी ठेवा आणि दोन-तीन कंपन्यांची अ‍ॅपं घरीच टाकून, पैसे भरून ठेवा. ६० किलोवॉटच्या यंत्राला दुसरी गाडी लागलेली होती, तेव्हा आम्हाला निम्मीच वीज मिळाली. ती निघाल्यावर आकडा वर गेला. ८० टक्क्यांनंतर वेग पडतो, तिथे बसून राहणं म्हणजे मागच्याचा खोळंबा. गन, म्हणजे चार्जरचा गाडीला लावायचा प्लग, निघत नसेल तर ओढाताण करू नका, आधी गाडी अनलॉक करा.

त्या चार्जरवर ‘शंभर टक्के हरित’ अशी पाटी होती. छपरावर सोलर पॅनल मोजली, बारा. एक पॅनल ५०० वॉटचं धरलं तरी भर उन्हात ६ किलोवॉट. बाकीची वीज तारेतून येणार, हे उघड आहे.

मग मुक्कामी बसून हिशेब केला. गाडीने ५० युनिटं खाल्ली, चार्जिंगची गळती धरून ५५. ती सगळी कोळशाची असती तर युनिटला ९०० ते १००० ग्रॅमप्रमाणे ५० ते ५५ किलो कार्बन डायऑक्साइड. पेट्रोलच्या गाडीला १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर सुमारे २२.७ लिटर, लिटरला सुमारे २.३ किलो, म्हणजे ५२ किलो. बरोबरीच की! धूर आपल्या मागून निघत नाही, एवढंच. फायदा होतो तो तारेत जेवढं ऊन, वारा, पाणी मिसळलेलं असेल तेवढाच. घरी सोलर असेल तर गाडी दुपारी चार्जिंगला लावा, रात्री झोपताना नको.

परतताना सकाळी आठला निघणार आहे, म्हणजे चार्जिंगचा थांबा उन्हं डोक्यावर असताना येईल. आणि पहिल्यापासून ९०.