आत्यांचा कढीपत्ता आणि माझी फुलपाखरं

आमच्या घरी फुलपाखरं वाढतात म्हटलं की लोकं आधी विचारतात, कुठनं मागवली? मागवलेलं काही नाही. बेळगावच्या वडगावात आमचं जुनं घर, मागं दहा बाय बारा फुटाचं परसू, त्यात धुणं धुवायचा दगड, एक लिंबू आणि आत्यांचा कढीपत्ता, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. पलीकडं दिवसभर मागाचा खटखटाट. एवढ्या जागेतच सगळं झालंय.

सुरुवात मी चुकीची केली होती. फुलपाखरं पाहिजेत म्हणजे फुलं लावायची असं वाटायचं, म्हणून झेंडू, झिनिया, पेंटास, इक्झोरा अशा कुंड्या भरल्या. फुलपाखरं आली, नाही असं नाही, पण यायची, मध घ्यायची आणि भिंतीवरनं निघून जायची. राहायला एकही नाही. मग एका दुपारी धुणं वाळत घालताना बघितलं, एक काळी मादी, मागच्या पंखावर लालसर ठिपके, कढीपत्त्याभोवती नुसती घिरट्या घालतेय, फुलाकडं ढुंकून बघत नाही. एका कोवळ्या पानावर क्षणभर टेकली, पंख फडफडतच ठेवले, पोट खाली वाकवून पानाला लावलं आणि गेली. जवळ जाऊन बघितलं तर मोहरीपेक्षा बारीक, फिक्कट पिवळं, गोल गुळगुळीत अंडं. ती कॉमन मॉरमॉन जातीची होती. हिची आळी फक्त लिंबू, कढीपत्ता, बेल ह्याच घराण्यातली पानं खाते, दुसरं काही दिलं तर उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. मोठं फुलपाखरू बऱ्याच फुलांवर जगेल, पण अंडं घालायला तिला पोराचंच झाड लागतं. हे कळल्यावर माझा सगळा हिशोबच बदलला.

अडचण अशी की ते झाड आत्यांचं. आमटीला फोडणी म्हटली की त्यातलीच डहाळी. त्या रोज सकाळी झाडावरची पक्ष्याची शी खराट्यानं झटकायच्या आणि ती पक्ष्याची शी नसायचीच, त्या आळ्याच असायच्या! लहानपणी ह्या आळ्या तपकिरी-पांढऱ्या, ओलसर चमकणाऱ्या, हुबेहूब शी वाटावी अशाच दिसतात, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून. मी पानं उलटी करून बसलेली बघून आत्या म्हणाल्या, "काय बघालीस गं तिथं एवढं?" दाखवलं तर म्हणाल्या, "आळी पडलीय होय झाडाला, औषध मारून टाक की." औषध काही मारू दिलं नाही मी, पण त्यांचं झाड खाऊन संपवायचं हेही बरं नव्हे, म्हणून आळ्यांसाठी नर्सरीतनं कढीपत्त्याचं वेगळं रोप आणलं, छान हिरवंगार, एका पानाला भोक नाही. सात आळ्या त्यावर सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातही आकसलेल्या, तोंडातनं हिरवं पाणी, दोन खाली मातीत पडलेल्या. नर्सरीत जाऊन विचारलं तर म्हणाले औषध मारल्याशिवाय पानं अशी राहतात होय. मी पानं धुवून दिली होती हो, पण काही औषधं मुळातनं झाडाच्या अंगातच शिरतात, ती धुवून जात नाहीत. त्या सात आळ्या अजून आठवतात मला. एका पानाला भोक नाही हे बघूनच मी ओळखायला पाहिजे होतं.

मार्ग आत्यांनीच काढला. कढीपत्त्याच्या मुळाला बाजूनं फुटवे येतात, मृगाचा पाऊस लागल्यावर त्यांनी त्यातले तीन मुळासकट खणून दिले, म्हणाल्या हे तुझ्या किड्यांना, माझ्या झाडाला हात लावायचा नाही. ती तिन्ही रोपं जगली. रोपं लावायची असतील तर माझं सांगणं एवढंच, घरच्या झाडाचा फुटवा घ्या नाहीतर बी लावा. नर्सरीचंच आणलं तर दोन-तीन महिने नवी पालवी येऊ द्या आणि आधी एकच आळी सोडून बघा.

आत वाढवायला पहिल्यांदा मी कुंदा मिठाईचा रिकामा प्लास्टिकचा डबा घेतला, तळाला टिश्यू पेपर, वर पान. बारीक आळीला हे चालतं, पान सुकत नाही. पण जुलैतला आमचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, त्या ओलीत लेंड्यांना बुरशी धरली आणि तीन आळ्या मऊ पडून गेल्या. तेव्हापासून डबा सकाळ-संध्याकाळ दोनदा पुसते, एका डब्यात चारच्या वर ठेवत नाही. मोठ्या आळ्यांना डहाळी बाटलीत पाण्यात उभी करून दिली तर एक देठावरनं खाली उतरत उतरत पाण्यात गेली, म्हणून बाटलीच्या तोंडाला कापूस कोंबायचा, हे विसरू नका. आता भाजीची जुनी लोखंडी रॅक आहे, तिला फाटक्या मच्छरदाणीचं कापड शिवलंय, तेच आळ्यांचं घर.

आळी पाच टप्प्यांत वाढते आणि मधे चार वेळा कात टाकते. शेवटची कात टाकली की शीचं सोंग संपतं, एकदम हिरवीगार होते, खांद्यावर डोळ्यासारखे दोन ठिपके. बोट लावलं तर डोक्यामागनं लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि आंबूस, उग्र वास सोडते. धाकटीला तो वास फार आवडायचा, मुद्दाम हात लावायची, तिला सांगावं लागलं की आळी ते भीती वाटते म्हणून करते, खेळ नव्हे तो.

खाणं थांबवून आळी पातळ हगली आणि इकडंतिकडं भटकायला लागली की समजायचं कोष करायची वेळ झाली. मग जाळीत उभी काटकी पाहिजेच. शेपटीकडं रेशमाचा गोळा करून त्यात पाय रोवते, मग डोकं मागं वाकवून डावीकडनं उजवीकडं, उजवीकडनं डावीकडं असं करत स्वतःच्या पाठीमागनं एक धागा ओढून घेते, कमरेला पट्टा बांधल्यासारखा. मी एकदा रात्री टॉर्च घेऊन जवळजवळ सगळं बघितलं. पुढच्या दिवशी ती कात खाली सारून कोष होते, हिरव्या काटकीवर हिरवा, सुक्या काटकीवर तपकिरी. एखादा कोष खाली पडला तर टाकू नका, तरुण भारतच्या पानाचा शेंगदाण्याच्या पुड्यासारखा कोन करायचा, त्यात शेपूट खाली ठेवून उभा करायचा, बाहेर येताना पायाला धरायला कागद खरखरीत असतो.

सगळ्यात वाईट वाटलं ते ऑगस्टात. दोन कोष बारा दिवस झाले तरी काळे होईनात, हात लावला तरी हालेनात. एके सकाळी एकाला टाचणीएवढं भोक आणि जाळीत मुंगीपेक्षा बारीक चकचकीत माशा, दहा-वीस नव्हे, चांगल्या साठ-सत्तर. ही गांधीलमाशीच्या गोतातली इवली जात असते, आळीजवळ दबा धरून बसते आणि कोष नुकताच झालेला, मऊ असताना त्यात अंडी घालते. मी आळ्या शेवटच्या दिवसांत उघड्या कुंडीवर ठेवल्या होत्या, तिथंच हे झालं असणार. आता भटकायला लागायच्या आधीच जाळीत घेते. पण सगळ्या घेत नाही. निम्म्या बाहेरच राहू देते, कारण बुलबुल, दयाळ त्यांच्या पिलांना ह्याच आळ्या नेतात आणि ती माशीसुद्धा ह्या परसातलीच आहे, तिला उपाशी मारायला मी कोण.

पहिलं फुलपाखरू गौरीच्या आदल्या दिवशी निघालं. आदल्या रात्रीच कोष काळपट होऊन आतल्या पंखावरचे पांढरे ठिपके बाहेरनं दिसत होते, म्हणून मी पहाटे उठून बसले. साडेसातला कोषाची वरची टोपी तडकली, पाय आले, मग ओलं, चुरगळलेलं, जाड पोटाचं काहीतरी बाहेर आलं आणि काटकीवर वर चढून लटकलं. पंख कुस्करलेल्या कागदाएवढेच! मी घाबरले, म्हटलं गेलं हे. दहा-पंधरा मिनिटांत पोटातलं पाणी पंखांत भरत गेलं आणि ते इस्त्री केल्यासारखे सरळ झाले. खाली तांबूस थेंब पडला तो रक्त नव्हे, कोषातली घाण असते. दोन तास तसंच लटकू द्यायचं, अजिबात हात लावायचा नाही, तेवढ्यात खाली पडलं तर पंख वाकडे वाळतात आणि ते परत कधी उडत नाही. नर होता, काळ्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. आत्या पूजेची तयारी सोडून बघायला आल्या, काही बोलल्या नाहीत, तो भिंतीवरनं जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

शेजारच्या कन्नड आक्का त्याला पातरगित्ती म्हणतात, तो शब्द आता धाकटीच्या तोंडात बसलाय. आक्कांनी त्यांच्या कुंपणातली रुई तोडायची थांबवली, कारण शनिवारी मारुतीच्या माळेला पानं काढताना त्यांना त्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्ट्यापट्ट्याच्या आळ्या दिसल्या. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका एवढं सांभाळा, पानं तोडल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचे नाहीत. एरंडावर कॉमन कॅस्टर येते, बहाव्याला पिवळी एमिग्रंट, हे सगळं रस्त्याकडेलाच असतंय आपल्याकडं, तण म्हणून उपटतो ते. फुलं पण ठेवलीत मी, पण आता एकेरी पाकळीची, दुहेरी झेंडूत मध शोधता शोधता ती बिचारी दमतात.

खानापूर, जांबोटीकडं गेलं की रानात मोठं काळं-पिवळं सदर्न बर्डविंग दिसतं, कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू. ते आमच्या परसात येणार नाही, त्याला ईश्वरीच्या गोतातला वेल लागतो आणि रानातनं वेल किंवा आळ्या उपटून आणायच्या नाहीत असं मी ठरवलंय. महाराष्ट्रानं 2015 मध्ये राज्य फुलपाखरू केलं ते ब्लू मॉरमॉन मात्र लिंबाच्या घराण्यावरच वाढतं आणि मागच्या ऑक्टोबरात एक मादी आमच्या लिंबावर येऊन गेली. अंडं काही सापडलं नाही, सगळी पानं उलटून बघितली.

वहीत लिहून ठेवलंय, पहिल्या वर्षी आत घेतलेल्या चाळीस आळ्यांतली तेवीस उडाली. ह्या वर्षी फुटव्याची झाडं कमरेएवढी झालीत. काल मी आमटीला डहाळी मोडायला गेले तर आतनं आत्या ओरडल्या, "त्या बाजूची नको गं, तिथं सकाळी मादी बसून गेलीय." त्यांच्याच झाडाची होती ती बाजू.