तीन सूत

शनिवार, रात्री साडेदहा

पाय तुटायला आलेत, पण आजच लिहून ठेवते. उद्यावर टाकलं की राहतंच.

वाशीला सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये कला, जुन्या वस्तू आणि घरसजावटीचं प्रदर्शन लागलंय. बाबांना घेऊन गेले. बाबा म्हणजे सासरे, जन्मभर फर्निचरचं पॉलिश केलेला माणूस. काम सुटल्यापासून नौपाड्याच्या घरातल्या खुर्च्या त्यांनी इतक्या वेळा घासल्यात की त्या वजनाला हलक्या झाल्या असतील. ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडली. ऐरोली यायच्या आतच म्हणाले, "नुसतं बघायचं हं, घ्यायचं काही नाही." मी सेंटर टेबल घ्यायच्या तयारीने निघालेली. गप्प बसले.

पहिलं दालन मॉड्युलर किचन, झुंबरं आणि "कस्टमाइज करून देऊ मॅडम" म्हणणाऱ्या मुलांचं. दहा मिनिटांत पार. एका स्टॉलवर मात्र थांबले. उशा, लॅम्पशेड, कप, सगळ्यांवर वारली. 2014 मध्ये पालघर वेगळा झाला, तोवर ही मंडळी आपल्याच जिल्ह्यातली. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रात माणसांची गर्दी कशी हलत असते! इथे तारपावाल्यासकट सगळे एका साच्यातून पडलेले. कपाच्या कानापाशी तर नाचणाऱ्याचा एक पायच कापला गेला होता.

मग जुन्या वस्तूंचा भाग. 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू म्हणवून घ्यायला 100 वर्षं व्हावी लागतात, हस्तलिखित असेल तर 75. इथे मी शाळेत असतानाचा रेडिओसुद्धा अँटिक. मला जरा लागलंच.

एका लिहायच्या टेबलापाशी विक्रेता सांगत होता, "बर्मा टीक, शंभर वर्षं जुना." किंमत 85 हजार. वर नक्षी, कडेला किडीची बारीक भोकं, कोपरे झिजलेले. मी तर भाळलेच. बाबांनी वरच्या बाजूकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रॉवर ओढून पालथा केला, तळाच्या फळीवर बोट फिरवलं, वास घेतला. मग मला म्हणाले, "तुझी सेफ्टी पिन दे गं जरा." ओढणीची काढून दिली. ती एका भोकात घातली, सरळ आत गेली. दुसऱ्यात, तीच गत.

"किडा कधी असा नाकासमोर चालत नाही. हे ड्रिल आहे. आणि साग म्हणतोय ना? मग एवढी कीड कशी?"

हे हळू आवाजात. विक्रेत्याला एक शब्द बोलले नाहीत. उलट कोपऱ्याची झीज दोनदा हाताने चाचपली आणि म्हणाले, "काम सुरेख केलंय पण."

पुढच्या स्टॉलवर साधं गोल टेबल होतं. नक्षी नाही, एका पायाला पट्टी ठोकलेली. बाबांनी खिशातून टेप काढला (प्रदर्शनाला टेप घेऊन कोण येतं?). लाकडाच्या शिरेच्या दिशेने मोजलं, 36 इंच. आडवं मोजलं, तीन सूत कमी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). चेहरा असा खुलला! लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून जुनं गोल टेबल गोल राहत नाही. "हे खरं म्हातारं," म्हणाले. किंमत ऐकून दोघंही शहाण्यासारखे पुढे सरकलो.

चहा पिताना विचारलं, ड्रिलचं एवढं पटकन कसं ओळखलंत? बराच वेळ कप फिरवत बसले. मग कळलं, ओशिवऱ्याला कामाला होते तेव्हा सहा-सात वर्षं हेच केलं. नव्या सागाला पोटॅशियम परमँगनेटचं पाणी द्यायचं, आधी जांभळं दिसतं, मग तपकिरी पडतं. सायकलची चेन आपटून ठोके पाडायचे. वर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, आणि ओलं असतानाच खाचांत धूळ. "शेठ विकायचा शंभर वर्षांचं म्हणून. आम्हाला मिळायची आठवड्याची मजुरी." लग्नाला बारा वर्षं झाली, हे आज पहिल्यांदा ऐकलं. आईंना माहीत आहे का, विचारायचं राहिलं.

निघताना बाबांनीच नियम मोडला. पितळी कडी घेतली, हिरवट गंज चढलेली, 250 रुपये. आत्ता ओट्यापाशी उभे राहून चिंचेने घासतायत. हिरवं केव्हाच गेलं, खाली झगझगीत नवं पितळ.

"फसलात की बाबा!"

"फसतोय कशाला? नवसागराचं पाणी मारून हिरवं केलेलं तिथेच दिसलं होतं. कडी वजनदार आहे, देव्हाऱ्याच्या खणाला बरोबर बसेल."

आता स्क्रू शोधतायत. माझी सेफ्टी पिन अजून त्यांच्याच खिशात आहे.