तिची पुढची नाइट

शुक्रवार, पोळा. सकाळी साडेदहा

झोप लागत नाही म्हणून लिहायला बसले. काल रात्री आमच्या कॅज्युअल्टीत पेशंटच्या मुलाने एका सिस्टरला मारलं. ती तेवीस वर्षांची, नोकरीला लागून आठ महिने झालेत. पेशंट डेंग्यूचा, प्लेटलेट भराभर उतरत होते, आयसीयूत बेड नव्हता. ती मोबाईलवर रक्तपेढीचा नंबर शोधत होती. मुलाला फक्त मोबाईल दिसला. "माझा बाप मरून राहिला अन् तू मोबाईल पाहून राहिली का?" असं ओरडला आणि कानाखाली मारली. ती ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर आदळली. किडनी ट्रे, कात्र्या, सगळं फरशीवर. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

गार्ड आले, त्याला बाहेर नेलं. पहाटे बापाला बेड मिळाला. प्लेटलेटही मिळाले, तिने शोधलेल्या त्याच नंबरवरून.

मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं. ती रडत नव्हती. "ताई, सहा नंबरचं अँटिबायोटिक द्यायचं राहिलं," हे चार वेळा म्हणाली. मी तिचा हात धरून बसले. मावशींनी चहा आणला, बशीत ओतला, फुंकर मारून तिच्या तोंडाशी धरला. "पी व माय, दोन घोट पी." मावशींना हे कुणी शिकवलेलं नाही.

तेवढ्यात सुपरवायझर आत आले आणि पहिला प्रश्न केला, "सिस्टर, तुम्ही त्यांना काय बोललात?"

सात वर्षांपूर्वी दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये मला हाच प्रश्न विचारला होता. सलाइनचा स्टँड माझ्या मनगटावर बसला होता, हात सुजला होता, आणि मी खुर्चीत बसून आठवत होते की मी काय बोलले असेन. खूप आठवलं. "थांबा, डॉक्टर येत आहेत," एवढंच बोलले होते. पुढे कित्येक महिने ते वाक्य मी मनात दुरुस्त करत राहिले. "दादा, थांबा" म्हटलं असतं तर? हळू आवाजात म्हटलं असतं तर?

म्हणून काल मी मध्ये पडले. म्हटलं, "सर, ते नंतर. आधी हिची एमएलसी करू." एमएलसी म्हणजे मारहाणीच्या जखमांची पोलिसांसाठी केलेली वैद्यकीय नोंद. आवाज चढला माझा. चढू दे.

हिचा गाल सुजलाय, कोपराला खरचटलंय, ते आज रात्रीच कागदावर आलं पाहिजे, हे मला माझ्या मनगटाने शिकवलं. माझी एमएलसी कुणी केली नव्हती. स्टाफच आहे, घरचंच प्रकरण आहे, क्रेप बँडेज बांधा आणि ड्युटी पूर्ण करा. महिन्याने चौकशी झाली तेव्हा हात बरा होता आणि पुरावा शून्य. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंगही तोवर पुसून गेलं होतं, त्यावर पुढचं चढतं. आज ड्युटी संपायच्या आत रेकॉर्डिंग बाजूला काढून ठेवायला लावलं आणि लेखी पोच घेतली.

शनिवार, मारबत

हॉस्पिटलमधल्या माणसांवर हात उचलण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. डॉक्टर, नर्स, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, पॅरामेडिकल, सगळे त्यात येतात, खाजगी हॉस्पिटलमधलेसुद्धा. ३ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. त्याचा बोर्ड आमच्या कॅज्युअल्टीच्या दाराशी लावलेला आहे. त्याच बोर्डाखाली तिला मार बसला.

कायदा असूनही तक्रार कुणी द्यायची, तिथेच गाडी अडते. पोलीस ठाण्यात नाव सिस्टरचं, पत्ता सिस्टरचा, तारखेला जायचं सिस्टरने, तेही रजा टाकून. आई-वडील म्हणतात, जाऊ दे पोरी, लग्नाचं व्हायचंय अजून. कोलकात्यातल्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्या भयंकर घटनेनंतर, १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या आरोग्य खात्याने पत्र काढलं होतं. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर संस्थाप्रमुखाने ६ तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर करायचा. पत्र केंद्राच्या रुग्णालयांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना होतं, आमचं हॉस्पिटल त्यात बसत नाही. तरी मी त्याची प्रिंट काढून मेट्रन मॅडमच्या, म्हणजे आम्हा सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांच्या, टेबलावर ठेवली. मॅडमनी दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला. मग स्वतः वर गेल्या. काल दुपारी तक्रार गेली ती हॉस्पिटलच्या नावाने. ६ तास उलटून गेले होते. पण तक्रारदार ती नाही, ती साक्षीदार आहे. तिच्या घरच्यांना हा फरक समजावायला मला अर्धा तास लागला, आणि समजल्यावर तिचे वडील पहिल्यांदा नीट बसले.

तिची खोली इतवारीत. आज मी डबा घेऊन गेले तर रस्ते बंद, मारबतीची गर्दी, ढोल-ताशे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे मोठाले पुतळे मिरवत नेऊन जाळतात, सगळं वाईट त्यांच्यासोबत जावं म्हणून. तिच्या खोलीपर्यंत आरोळी येत होती, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" लहानपणापासून ही आरोळी ऐकत आलेली नागपूरकडची पोरगी, पण खाली ढोलावर टिपरू पडलं की तिचे खांदे कानापर्यंत वर जायचे. मी खिडकी लावली. तिला सांगितलं की माझंही असंच झालं होतं. घरात ताट पडलं तरी मी भिंतीला टेकायचे. नवऱ्याला तीन दिवस काही सांगितलं नव्हतं, मनगट कशाने दुखतंय विचारलं तर गाडीवरून घसरले म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही पण?"

मग रडली. मी काही विचारलं नाही.

हे न विचारणं मी कोविडच्या काळातल्या एका प्रशिक्षणात शिकले. त्याआधी मला वाटायचं, माणसाला बसवून सगळं बोलायला लावलं की मन मोकळं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं उलट आहे. प्रसंगानंतर लगेच खोदून खोदून सांगायला लावू नका, त्याने भलं होत नाही. बघा, ऐका, आणि हव्या त्या मदतीशी जोडून द्या. जेवली का, झोपली का, घरी कोण आहे, उद्या सोबत कोण असेल. एवढं विचारायचं. बाकीचं ती सांगेल तेव्हा सांगेल.

झोपेची गोळी मागत होती. आम्हा नर्सेसना गोळी हाताशी असते, त्यामुळे हा धोका मोठा. आमच्या मानसोपचाराच्या मॅडमना फोन लावून दिला. त्यांनी तिलाच नीट सांगितलं की पहिल्या महिन्यात दचकणं, झोप उडणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं होतं, बहुतेकांचं आपोआप ओसरतं, आणि त्यासाठी झोपेच्या गोळ्या सुरू करणं बरं नाही. महिना उलटूनही तसंच राहिलं, किंवा कामावर पाऊलच टाकवेना, तर उपचार घ्यायचे. मध्यरात्री फारच वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नंबर तिच्या फोनमध्ये मीच टाकला.

मंगळवार, रात्री

ऑफिसने तिला सात दिवस सुट्टी दिली. चांगलं केलं, पण त्यात "विनावेतन" हा शब्द होता. मार खाल्ल्याची सुट्टी आणि पगार कापायचा? सगळ्या सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा, चाळीस जणांनी सही करून अर्ज दिला. आज शब्द बदलला. भरपगारी.

तो मुलगा आज वॉर्डाबाहेर बसलेला दिसला. बाप सुधारतोय. त्याचं तोंड उतरलेलं. बेड नसताना चार तास तो वडिलांची चादर धरून उभा होता, हे मी पाहिलंय. त्याची भीती खरी होती. पण हॉस्पिटलात बेड कमी असल्याचा हिशोब तिच्या गालावर का चुकता करायचा? केस मागे घ्यायची का, असं तिला वरून हळूच विचारून झालंय. मी मेट्रन मॅडमना म्हटलं, तिला हे परत कुणी विचारू नये. ठरवेल ती, पण कुणी डोक्यावर उभं राहून नाही.

सात वर्षांपूर्वी माझी इन्चार्ज सिस्टर होती. आता रिटायर झाली, कोंढाळीकडे असते. तिने मला एकही उपदेश केला नव्हता. मार बसल्यानंतरच्या माझ्या पहिल्या नाइट ड्युटीला तिची मॉर्निंग होती. ती बदलून घेऊन रात्री आठलाच आली, हातात ठेचा-भाकरीचा डबा. म्हणाली, "मला आज घरी करमत नव्हतं." पन्नाशीची बाई, गुडघे दुखणारी, सलग चार नाइट केल्या तिने. मी नोकरी सोडली नाही, ते त्या चार रात्रींमुळे. बाकी कुठल्याच कारणाने नाही.

गुरुवार

तिची पुढची नाइट शनिवारी. माझा त्या दिवशी ऑफ होता, तो सोमवारवर ढकलला. ड्युटी लिस्टमध्ये दोघींची नावं खाली-वर आली आहेत. तिला पहिल्या रात्री इमर्जन्सी बेडऐवजी ऑब्झर्वेशनला ठेवायचं, माझ्या टेबलावरून दिसेल असं. गार्डना सांगून झालं. एका पेशंटसोबत एकच नातेवाईक, हे दारावरच बघायचं, आत आल्यावर नाही.

उद्या चार वाजता पोलीस ठाण्यात तिचा जबाब आहे. मी सोबत जाणार. वडील येणार आहेत उमरेडहून, त्यांची बस दोनला पोहोचते. तिघांचा डबा करायचाय. तिला भेंडी आवडत नाही, एवढं कळलंय.