आमची वाटचाल : बाल्कन्या बंद करण्यापासून भिंती उघडण्यापर्यंत

तुर्भ्याच्या एमआयडीसीत भाड्याचा एक गाळा, एक कटिंग मशीन, मी आणि माझा मावसभाऊ, एवढ्यावर आमचं काम सुरू झालं. सिडकोच्या घरांच्या बाल्कन्या बंद करून द्यायच्या. घराचा ताबा मिळाला की वास्तुशांतीच्या आधी ग्रिल आणि स्लायडिंगच्या मापाला आम्हाला बोलावणं यायचं. वन-बीएचकेत मुलांना अभ्यासाला जागा हवी, मग दुसरं करणार काय? हळूहळू इंटिरियरची कामं आली आणि नंतर आर्किटेक्ट मंडळींबरोबर पूर्ण घरं.

मधे बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये दुरुस्तीचं काम मिळालं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात आखलेली वसाहत : लहान घरं, प्रत्येकाची थोडी उघडी जागा आणि काही घरांत मिळून एक अंगण. काम चालू असताना बघत होतो, दिवसभर माणसं बसतात कुठे? खोलीत कोणी नाही, सगळी अंगणाच्या कडेला.

समुद्रकाठच्या घरांकडे वळलो ते सानपाड्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकामुळे. त्यांची अलिबागजवळच्या नागावला वाडी होती. काका मोबाइलमध्ये फोटो घेऊन आले : दिवाणखान्याला समुद्राकडे अख्खी काच, आतबाहेर सगळं एकच. आजींनी फोटो बघितला आणि विचारलं, "पावसात ही काच पुसणार कोण?"

प्रश्न बिनतोड होता. अलिबाग पट्ट्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. शिवाय आपला समुद्र पश्चिमेला. म्हणजे दुपारी तीननंतर सगळं ऊन त्याच काचेवर. फोटोतलं घर तसंच उचलून इथे ठेवलं तर एप्रिलमध्ये भट्टी आणि जुलैत गळती.

कोकणातल्या घरांनी याचं उत्तर आधीच दिलेलं आहे : पडवी. आम्ही काच मागे घेतो आणि पुढे आठ-दहा फूट खोल पडवी काढतो, वर उतरतं कौलारू छप्पर. ऊन काचेपर्यंत पोचत नाही आणि झडही बरीचशी पडवीतच थांबते. पूर्वी पावसाळ्याआधी पडवीला नारळाची झापं बांधत. त्या जागी आम्ही लाकडी पट्ट्यांची सरकती दारं देतो. वारा खेळतो, पाणी अडतं.

खरी कसोटी दाराच्या ट्रॅकपाशी. जमीन आतबाहेर सलग दिसावी म्हणून ट्रॅक फरशीत बुडवावा लागतो आणि मग पाणी आत शिरायला मोकळं. म्हणून ट्रॅकखाली पन्हळ, तिच्यातलं पाणी बाहेर काढणारा पाइप, वरून उचलता येईल अशी जाळी, आणि पडवीच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार. फरशी दोन्हीकडे कोटाच. आत पॉलिश केलेला, बाहेर खरखरीत. गवंड्याला हा उतार समजावण्यात माझा अख्खा दिवस जातो आणि मला त्याचं काही वाटत नाही. जाळीत वाळू भरते, ती उचलून झाडायची सवय मात्र घरच्यांनीच लावून घ्यायची.

खाऱ्या हवेवर वाद घालायचा नाही. बाहेरचे स्क्रू, बिजागऱ्या, रेलिंग ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. शहरात चालणारं ३०४ तिथे तांबूस डाग धरतं. आयएस ४५६ ही काँक्रीटची भारतीय मानक संहिता किनाऱ्यावरची उघडी हवा 'तीव्र' धरते, म्हणून सळईवर काँक्रीटचं किमान ४५ मिलिमीटर कव्हर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तिथली कौलं, पत्रे आणि माड सगळंच गेलं. तेव्हापासून लोक काचेआधी छपराच्या बांधणीबद्दल विचारतात, हे बरं झालं.

बाकी घर ठरतं ते माणसांच्या सवयींवरून. समुद्रावरून आलेल्या पोरांना पाय धुवायला नळ पडवीच्या पायरीशी हवा. दाराच्या आत दिला तर बाथरूम वाळूने तुंबलीच. मासे साफ करायची मोरी मागच्या परसात, ओट्याच्या उंचीची, म्हणजे वहिनींना खाली बसावं लागत नाही. दिवेलागणीला डास येतात, तेव्हा काचेइतकीच सरकती जाळी लागते. आजींची खोली तळमजल्यावर, थेट पडवीत उघडणारी, झोपाळा तिथेच.

सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर नियम असलेल्या पट्ट्याचा, नकाशा हातात आल्याशिवाय आम्ही एक रेघ मारत नाही. भरतीरेषेपासून बांधकाम किती मागे ठेवायचं हे गावाच्या वर्गवारीवर ठरतं. बऱ्याच ठिकाणी ते २०० मीटर आहे. "एजंट म्हणाला होऊन जाईल," असं सांगणाऱ्यांना आम्ही हात जोडतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईहून असे फोन वाढलेत.

नवीन प्लॉट बघायला आम्ही जुलैत जातो. पाणी कुठे साचतं आणि झड कुठल्या कोपऱ्यातून येते ते तेव्हाच कळतं. तिथे खुंट्या मारून येतो, पावसाळाभर ड्रॉइंग होतं, पाया दिवाळीनंतर. गिऱ्हाइकांना एवढंच सांगतो, छत्री आणा आणि चपला जुन्या घाला.